एका नळीपुरतं लाकूड

तंदूरच्या पोटात काहीतरी फट्कन फुटलं आणि भिंतीला चिकटलेल्या अकरा नानांपैकी सात निखाऱ्यांत पडले. राखेचा लोट मस्तुराच्या तोंडावर आला. ती दोन पावलं मागे सरली, डोक्याच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकून पाहिलं. तोंडापासून बुडापर्यंत बोट जाईल एवढी चीर गेली होती. सासूनं बकरीचे केस घालून, पायांनी माती तुडवून बांधलेला तंदूर. बेचाळीस वर्षांत त्याला साधा ओरखडा उठला नव्हता.

सून झुम्राद गोठ्यातून धावत आली. काय झालं, अया, म्हणून तिनं सासूला विचारलं. निखारा फुटला, मस्तुरा म्हणाली, कधी निखारा बघितला नाहीस का?

निखाऱ्याला जळक्या प्लास्टिकचा वास येत नाही, हे झुम्रादला कळत होतं. पण नऊ वर्षांच्या संसारात तिनं सासूला उलटून प्रश्न केला नव्हता. ती खाली बसली, चिमट्यानं राखेतून एकेक नान बाहेर काढला, फुंकला, कपाळाला लावला आणि ताटात ठेवला. सातही. राखेत पडला म्हणून नान कोणी टाकत नाही. त्या दिवशी सासू, सून आणि मुलगा नोदिर, तिघांनी तेच खाल्ले, तिघांनाही ती चव कळली आणि तिघांपैकी कोणीही तिचं नाव काढलं नाही.

फुटलं होतं ते नोदिरचं वाफ ओढायचं यंत्र. मस्तुरानं स्वतःच्या हातानं ते तंदूरमध्ये टाकलं होतं. त्यात बॅटरी असते आणि ती सुरुंगासारखी उडते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती त्याला यंत्र म्हणत नसे, 'चोखणं' म्हणे. बोटाएवढी प्लास्टिकची डबी, टोकाला चोच. नोदिर ती ओढायचा आणि नाकातोंडातून ढग सोडायचा. ढगाला उतरलेल्या खरबुजाचा वास. तेहतीस वर्षांचा बाप्या, गावभर विजेची कामं करणारा, चार पंप आणि शाळेची सगळी वायरिंग ज्याच्या हातची, तो ओट्यावर बसून तान्ह्यासारखा चुटूचुटू ओढतो, हे तिला बघवत नसे. तिचा नवरा एरगाश सिगरेट ओढायचा. ती निदान माणसासारखी दिसायची. सहा वर्षांपूर्वी त्याच सिगरेटनं त्याला नेलं, ही गोष्ट वेगळी.

आदल्या दिवशी शेजारच्या घरी पाळण्याचा सोहळा होता. पाळणा मस्तुराच्याच हातचा. बायका ओळीनं बसल्या होत्या, झुम्राद चहाचं तबक फिरवत होती, नोदिर दारात उभा राहून दिव्याची तार नीट करत होता आणि मध्येच एक झुरका घेत होता. एका म्हातारीनं विचारलं, हा काय ओढतोय गं मस्तुरा?

"घरात चोखणं द्यायला तान्हं नाही ना," मस्तुरा म्हणाली, "म्हणून त्यानंच तोंडात धरलंय."

बायका खदखदून हसल्या. मस्तुराची जीभ गावात प्रसिद्ध होती, आणि लोक हसले की तिला दुसरं काही ऐकू येत नसे. झुम्रादच्या हातातलं तबक हललं नाही. नोदिरनं तार जोडली, दिवा लावून दाखवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला सलाम केला नाही.

चूक आपली असली की मस्तुराला राग जास्त येई. ती घरभर धुसफुसत फिरली. फिरता फिरता तिला मोठ्या खोलीतल्या कोनाड्यात ती डबी दिसली. कोनाड्यात एरगाशनं ठेवलेलं लाकूड होतं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि डबी त्या फडक्यावर ठेवली होती. तिच्यातून काहीतरी चिकट गळून फडक्यावर नाण्याएवढा डाग पडला होता. एवढं निमित्त तिला पुरलं.

ते लाकूड म्हणजे अक्रोडाच्या खोडावरची गाठ. नोदिरचं लग्न ठरलं त्या शरदात एरगाश चार दिवस रानात हिंडला आणि शेवटी एका वठलेल्या झाडावरून ही गाठ कापून खांद्यावर घेऊन आला. आतली नक्षी अशी, की ढवळलेल्या पाण्यात माती फिरावी. नातवाच्या पाळण्याचा वरचा दांडा ह्याचा आणि नळीही ह्याचीच, असं तो म्हणाला होता. त्यांच्या खोऱ्यातलं प्रत्येक मूल पहिली दोन वर्षं पाळण्यात हातपाय बांधून निजतं आणि त्याच्या मांड्यांमध्ये लाकडाची छोटी नळी बसवलेली असते. मूत नळीतून थेट खालच्या मडक्यात जातं, अंथरूण कोरडं राहतं. मुलाच्या नळीचं तोंड चिलमीसारखं गोल, मुलीचं लांबट. लाकूड ओलं असेल तर नळी चिरते आणि मूल रक्तबंबाळ होतं, म्हणून ते वर्षानुवर्षं वाळवायचं. ही गाठ नऊ वर्षं वाळत होती. दर शुक्रवारी मस्तुरा फडकं झटकायची आणि झुम्राद जवळपास असली की लाकडाशी बोलायची. थांब बाबा, तूही थांब, मीही थांबते, काय करणार.

एरगाश पाळणे बनवायचा, उस्ता एरगाश, म्हणजे उस्ताद, म्हणून चार गावांत नाव. त्याचा खराद जुन्या पद्धतीचा होता. एकानं चामड्याचा पट्टा ओढायचा नि सोडायचा, म्हणजे लाकूड गरगरा फिरतं, आणि दुसऱ्यानं त्याला पटाशी लावायची. चौतीस वर्षं मस्तुरानं पट्टा ओढला. शेवटची तीन वर्षं एरगाशला उभं राहिलं की धाप लागे, तेव्हा पटाशी तिच्या हातात आली आणि पट्टा तो ओढू लागला, बसून, उशीला टेकून. तेव्हापासूनचे सगळे पाळणे तिचे. तो गेल्यावर तिनं खराद पायानं दाबायच्या फळीवर बसवला आणि एकटी काम करू लागली. बारीक कामाला पट्टा ओढणारा माणूस लागतोच, पण नोदिर तेव्हा वर्षाचे आठ महिने रशियात कामाला असे, आणि झुम्रादला ती पट्ट्याला हात लावू देत नसे. जिची कूस उजवली नाही तिचा हात पाळण्याला लागू नये, असं मस्तुराला तिच्या सासूनं सांगितलं होतं. गिऱ्हाइकं अजून यायची आणि विचारायची, उस्ताच्याच हातचा आहे ना? मस्तुरा म्हणायची, हो तर, रोज सकाळी कबरीतून उठून येतो.

नोदिरनं मातीचा गिलावा करून तंदूरची चीर बुजवली. यंत्र कुठे गेलं, हे विचारलं नाही. नवं घ्यावं तर उन्हाळ्यापासून बाजारात त्यांची विक्री बंद झाली होती. ज्याच्याकडे होतं तो जिवापाड जपत होता. मस्तुराला वाटलं, बरं झालं, एक खोड सुटली.

मग अक्रोडाचा हंगाम आला. गावात कुलपं लागली, सगळे रानात राहायला गेले. मस्तुराच्या घराच्या वाट्याला तेवीस झाडं. नोदिर वर चढून फांद्या हलवायचा, खाली सासू-सून अक्रोड वेचून साली सोलायच्या. सालीच्या रसानं हात मनगटापर्यंत काळे. पाचव्या दिवशी दुपारी नोदिर सगळ्यात उंच झाडावर होता. अक्रोड पडायचे थांबले. मग खोकला ऐकू आला.

मस्तुराचा हात गोणीत तसाच राहिला. तो खोकला तिला ओळखीचा होता. सुरुवातीला कोरडा, दाराची कडी वाजवावी तसा, दोन-तीनदा. मग खोल, मग श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, मग काहीच नाही, आणि त्या 'काहीच नाही'त आपण मोजत बसायचं. एरगाशच्या उशाशी बसून तिनं तीन वर्षं मोजलं होतं. आता तिचा मुलगा पंधरा हात उंचीवर एका हातानं फांदी धरून तोच खोकला खोकत होता, आणि त्याचा दुसरा हात तोंडावर होता.

झुम्राद झाडाखाली जाऊन उभी राहिली होती. हात पसरून. जणू तो पडला असता तर तिनं झेलला असता.

तो उतरला तेव्हा त्याच्या कोटाला सिगरेटचा वास येत होता. मस्तुरानं वास ओळखला. नोदिर पाणी प्यायला आणि पुढच्या झाडावर चढला.

तिनं सुनेला ओढ्यावर गाठलं. किती ओढतो, कधीपासून, तू बायको आहेस की दगड, सगळं एका दमात विचारलं. झुम्राद हातावरचा काळा रंग वाळूनं घासत होती. रंग काही निघत नव्हता.

"अया, आठ महिने त्यानं सिगरेटला हात लावला नव्हता," ती म्हणाली. "शहरातली डॉक्टरीण म्हणाली होती, दोन्ही वाईटच, पण तुझी छाती बापासारखी आहे, आधी सिगरेट सोड, मग हळूहळू हेही सोड. त्यानं सोडली होती. तुम्ही ते जाळलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी पाकीट आणलं."

मस्तुरा म्हणाली, मग तेव्हाच सांगायचं होतं.

"तुम्हाला?" झुम्रादनं मान वर केली नाही. "त्या दिवशी सोहळ्यात तुम्ही बोललात ना, ते मला लागलं नाही. मला सवय आहे. त्याला लागलं."

नऊ वर्षांत सुनेच्या तोंडून एवढी वाक्यं एकत्र तिनं ऐकली नव्हती. ती ओरडली असती, पण ओरडण्यासारखं ह्यात खोटं काही सापडेना. शेवटी तिनं एवढंच विचारलं, तसलं दुसरं कुठे मिळेल का. मिळत नाही, झुम्राद म्हणाली. त्याच्याकडे रशियातल्या एका जुन्या यंत्राचा वरचा भाग आहे, स्टीलचा, ज्यात तार आणि कापूस असतो तो. कापसावर घालायच्या अर्काची एक बाटलीही आहे. खालची पेटी मात्र मोडली, जिच्यात सेल बसतो ती. डोकं आहे, धड नाही. करून घे म्हटलं तर नको म्हणतो. सगळ्यांना हसायला कशाला द्यायचं, म्हणतो.

मस्तुरा उठली. तिचे गुडघे वाजले. "धड लाकडाचं चालेल का?" तिनं विचारलं.

गावात परतल्या दिवशीच तिनं नोदिरच्या टॉर्चमधला सेल काढला. अंगठ्याएवढा जाड, चार बोटं लांब. तो दोऱ्यानं मोजला, दोऱ्याला गाठी मारल्या. सुनेकडून स्टीलचं डोकं मागून घेतलं, त्याचे आटे नखानं चाचपून पाहिले. मग जर्दाळूचा एक ठोकळा घेतला, ह्याच वर्षीचा, आणि खरादावर चढवला. बाहेरून गोल, आतून पोकळ, मुठीत बसेल असा. चांगला उतरला. मग दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, चरबीत उकळायला टाकला, कारण ह्या घरातून कोणतंही लाकूड चरबीत उकळल्याशिवाय बाहेर जात नसे. चरबी लाकडात मुरते आणि मग पाणी, मूत, काहीही आत शिरत नाही. अर्ध्या तासात कढईतून टक्क आवाज आला. ठोकळा उभा चिरला होता.

दुसरा तुतीचा केला. तो चिरला नाही, पण वाकडा झाला, सेल आत जाईना. तिसरा पुन्हा जर्दाळूचा. तो खरादावरच फुटला आणि त्याची ढलपी तिच्या गालाला लागली. ह्या तीन दिवसांत नोदिर दोनदा कामावरून लवकर घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येई. मस्तुरा पटाशी थांबवून मोजत राही.

घरात वाळलेलं लाकूड एकच होतं.

ती मोठ्या खोलीत गेली आणि कोनाड्यासमोर बसली. तिला एरगाशचा राग आला, चार दिवस रानात हिंडून एवढंसंच लाकूड आणलं म्हणून. मग अजून जन्माला न आलेल्या पोराचा राग आला. मग स्वतःशीच म्हणाली, जो यायचा आहे त्याच्यासाठी ठेवलं, आणि जो आलेला आहे तो चाललाय. तिनं फडकं सोडलं, डागासकट खांद्यावर टाकलं आणि गाठ उचलून अंगणात आणली.

मोठी करवत दोघांनी ओढायची असते. तिनं हाक मारली. झुम्राद आली, आणि ओंडक्यावर काय ठेवलंय ते पाहून जागच्या जागी थांबली.

"धर तिकडून," मस्तुरा म्हणाली.

"अया, हे नको."

"दुसरं वाळलेलं नाही. तीन फोडले, बघितलेस ना?"

"तुम्ही म्हणाला होतात..."

"मी खूप काही म्हणाले. धर."

झुम्रादनं करवतीची मूठ धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मस्तुराला वाटलं होतं, हे लाकूड गेलं की सून सुटकेचा श्वास टाकेल. नऊ वर्षं ज्याच्या नावानं टोमणे खाल्ले, तो ठोकळा कापला जाताना कोणती बाई रडते? तिला आत्ता कळत होतं की शुक्रवारी फडकं झटकणारी ती एकटी होती, पण वाट बघणारी एकटी नव्हती.

तिनं खडूनं मधोमध खूण केली. करवत लावणार तेवढ्यात झुम्रादनं ओला हात पुढे केला आणि खडूची रेघ बोटानं पुसली. दोन बोटं अलीकडे नखानं नवी रेघ ओढली.

"इथून कापा," ती म्हणाली. "त्याचं होईल. आणि ह्या बाजूला एका नळीपुरतं उरेल."

मस्तुरानं सुनेच्या रेघेकडे पाहिलं. चाळीस वर्षं लाकूड मोजणाऱ्या तिच्या नजरेलाही त्यात चूक काढता येईना. त्याचं धड बेताचं होत होतं, पण होत होतं. आणि दांड्याला नाही, पण एका नळीला पुरेल एवढं लाकूड उरत होतं. ही बाई ते लाकूड किती वर्षं डोळ्यांनी मोजत आली असेल? तिनं करवत नव्या रेघेवर ठेवली.

खरादावर ठोकळा चढवल्यावर तिनं पायाची फळी सोडून दिली, खुंटीवरचा जुना पट्टा काढला, झटकला, खरादाला गुंडाळला आणि त्याची दोन टोकं सुनेपुढे धरली. झुम्रादनं हात मागे घेतला. माझा हात चालेल का, असं तिनं विचारलं नाही, पण तिचा हात तेच विचारत होता.

"बारीक काम आहे. फळीवर होणार नाही," मस्तुरा म्हणाली. "ओढताना सावकाश, सोडताना त्याहून सावकाश. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, पटाशीकडे बघ."

पहिल्या दहा ओढींत पट्टा चार वेळा निसटला. मग बसला. लाकूड गुणगुणू लागलं, तपकिरी सालपटं मस्तुराच्या मांडीवर गोल गोल पडू लागली आणि ढवळलेल्या पाण्यासारखी ती नक्षी वर आली. बोलायला श्वास उरत नाही त्या कामात.

आतली पोकळी गिरमिटानं पाडून झाली, तेव्हा दारात नोदिर उभा होता. कधी आला कळलं नाही. बायकोच्या हातातला पट्टा त्यानं पाहिला, आईच्या हातातलं लाकूड पाहिलं, कोनाड्यातलं फडकं आईच्या खांद्यावर पाहिलं. मस्तुरानं वर न बघता ठोकळा पुढे केला. बघ, सेल बसतो का ते. टॉर्चमधला चोरलाय मी.

त्यानं सेल घातला. बसला. ठोकळा फिरवून फिरवून पाहिला.

"बुडाला एक भोक हवं," तो म्हणाला.

"कशाला? चांगलं बंद केलंय की."

"सेल फार तापला तर त्याला श्वास सोडायला वाट लागते." तो थांबला. "नाहीतर तंदूरसारखं होतं."

मग मस्तुरानं बारीक गिरमीट शोधलं. कुठे पाडू, तिनं विचारलं. त्यानं बोट ठेवलं. तिनं तिथे भोक पाडलं. दोन पाडू का? दोन पाडा, तो म्हणाला. त्या बाबतीत मायलेकांत ह्याहून जास्त बोलणं पुढे कधी झालं नाही.

लाकूड चरबीत उकळलं, आणि ह्या खेपेला कढईतून काही आवाज आला नाही. रात्रभर निथळलं. सकाळी मस्तुरानं ते लोकरीच्या तुकड्यानं घासून घासून आरशासारखं केलं आणि नोदिरच्या पुढ्यात ठेवलं. पुढचं काम त्याचं. त्यानं पितळेच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, एक बुडाला, एक माथ्याला. तांब्याची तार डाक देऊन जोडली. जुन्या रेडिओतलं बटण बाजूला बसवलं. वर स्टीलचं डोकं आट्यांवर फिरवलं. झुम्रादनं कापसाची बारीक वात वळून दिली. बाटलीतले थेंब त्यानं मोजून घातले.

तिघं ओट्यावर बसली होती. नोदिरनं बटण दाबलं, ओढलं, आणि झुरका छातीत तसाच राहिला. भुवया जवळ आल्या. मस्तुरा त्याच्या छातीकडे बघत होती, खोकला कधी येतो म्हणून.

"दुंब्याचा वास येतोय," तो म्हणाला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पाळण्याच्या नळीला कोणी आग लावत नाही. हे लाकूड मात्र तापणार होतं, आणि तापलं की त्यात मुरलेली चरबी वास सोडणारच. एवढी म्हातारी झाले, तिला वाटलं, आणि पाळण्यापलीकडे काही सुचलं नाही.

"मग काय, खरबुजाचा येणार?" ती म्हणाली. "चरबीत उकळलंय. पाहिजे तर ओढ, नाहीतर दे परत."

नोदिर हसला. हसता हसता खोकला, पण कोरडा, दोनदाच. त्यानं दुसरा झुरका घेतला, सावकाश. ढग त्याच्या तोंडावरून वर गेला. अक्रोड, कोमट चरबी, किंचित धूर. खोऱ्यातला प्रत्येकजण पहिली दोन वर्षं ह्याच वासात निजलेला असतो आणि कोणालाच ते आठवत नाही. नोदिरला आठवलं की नाही, कोणास ठाऊक. तो भिंतीला टेकला. खांदे खाली आले. यंत्र तसंच छातीवर धरून तो बराच वेळ बसला, आणि मग उठून कामाला गेला. जाताना त्यानं छातीवर हात ठेवून आईला सलाम केला.

सिगरेटचा वास कोटातून पंधरा दिवसांनी गेला. खोकला गेला नाही, पण उतरला. शिट्टी बंद झाली. बाटली संपत आली तसे तो थेंब कमी घालू लागला. गावात एकदोघांनी यंत्र बघून विचारलं, कुठून मागवलंस? माझ्या आईनं केलंय, तो सांगे. हे मस्तुराच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, सांगू नको म्हणावं, उद्या गावातले सगळे घोडे चोखणं मागायला दारात उभे राहतील. पण त्या दिवशी तिनं कारण नसताना पटाश्यांना धार लावली.

बर्फ पडायच्या सुमाराला खालच्या गावाहून एका पाळण्याची मागणी आली. जुळी होती, मुलगा आणि मुलगी. म्हणजे नळ्या दोन. पट्टा झुम्राद ओढत होती. आता तो तिच्याच हाती असे, आणि गिऱ्हाईक समोर बसलं असलं तरी मस्तुरा तिला उठवत नसे. सकाळभरात दोन्ही नळ्या उतरल्या. मस्तुरानं त्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, एक गोल तोंडाची, एक लांबट. पटाशी अजून हातात होती. धार चांगली लागली होती आणि हात गरम होता. असा हात आता तिला रोज मिळत नसे.

"आण तो तुकडा," ती म्हणाली.

झुम्राद आत गेली आणि घेऊन आली. तुकडा तिनं ओढणीच्या टोकात बांधून कपड्यांच्या पेटीत ठेवला होता. गाठ सोडून तिनं तो सासूच्या हातावर ठेवला.

"मुलाची करू की मुलीची?" मस्तुरानं विचारलं. नऊ वर्षांत तिच्या तोंडून नातवाशिवाय दुसरा शब्द आला नव्हता.

झुम्राद उभी राहिली. फडक्यावरच्या दोन नळ्यांकडे तिनं पाहिलं, मग तुकड्याकडे. एकदा तोंड कोरलं की लाकूड एकाचंच होऊन बसतं, आणि कोरून झालेली नळी रिकामी पडून राहिली तर ती रोज डोळ्यांसमोर येते. ठोकळ्याचं तसं नसतं. ठोकळा काही म्हणत नाही.

"ओलं असेल अजून, अया," ती म्हणाली.

मस्तुरानं तुकडा कानाशी नेला आणि नखानं वाजवला. हाडासारखा खणखणीत वाजला. तिनं तो उलटा केला, दुसऱ्या बाजूनंही वाजवला, गालाला लावून पाहिला, जसं एरगाश करायचा.

"हो," ती म्हणाली. "ओलंच आहे." आणि तुकडा दोन्ही हातांनी सुनेला परत दिला.